उरलेल्या औषधांचा हिशेब

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. २८ ऑक्टोबर २०२५. सुदानच्या पश्चिमेला दारफूर आहे, आणि दारफूरमध्ये अल फाशर हे शहर. तिथल्या सौदी प्रसूतिरुग्णालयात त्या दिवशी काय घडलं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या निवेदनातून बाहेर आलं. रुग्ण आणि त्यांच्याजवळ थांबलेले नातेवाईक मिळून ४६० हून अधिक माणसं मारली गेल्याचं वृत्त होतं. त्याच निवेदनात पुढे एक ओळ होती. सहा आरोग्य कर्मचाऱ्यांना पळवून नेण्यात आलं होतं: चार डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट.

बी.फार्म. झाल्यावर मी बरीच वर्षं एका रुग्णालयाच्या औषधदुकानात काउंटरवर काढली. त्यामुळे त्या शेवटच्या शब्दावरून मला पुढे सरकता आलं नाही. पाचशेहून अधिक दिवस त्या शहराला वेढा होता. माणसं जनावरांची पेंड खाऊन जगत होती. अशा शहरातल्या रुग्णालयात शेवटच्या दिवसापर्यंत फार्मासिस्ट कामावर होता. म्हणजे फडताळात काहीतरी औषध उरलेलं होतं आणि ते कुणाला द्यायचं हे कुणीतरी ठरवत होतं.

युद्धातला डॉक्टर आपल्याला माहीत असतो. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची गोष्ट मराठी घरांत तीन पिढ्या सांगितली गेली, शांतारामबापूंनी तिच्यावर चित्रपट काढला. १९३८ मध्ये डॉ. कोटणीस चार सहकारी डॉक्टरांबरोबर चीनला गेले. पुढे कोटणीस ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, तिच्यातून रक्तात विष भिनलं, आणि त्यावर चालेल असं औषध तिथल्या डोंगरांत नव्हतं. ही हकीकत आपण शल्यविशारदाच्या त्यागाची म्हणून वाचतो. मला ती औषधाच्या टंचाईचीही वाटते. जखमा शिवणारा हात आपल्याला दिसतो. त्या हातापर्यंत धागा, भूल आणि सलाईन पोहोचवणारा माणूस मात्र कुठल्याच गोष्टीत येत नाही. म्हणून हा लेख त्या माणसाच्या कामाबद्दल आहे, आणि ते काम आज जिथे सगळ्यांत कठीण झालं त्या सुदानबद्दल.

सुदानचं जवळजवळ सगळं औषध खार्तूममधून हलायचं. पांढरी नाईल आणि निळी नाईल जिथे मिळतात तिथे खार्तूम, ओमदुर्मान आणि बहरी अशी तीन शहरं एकमेकांना चिकटून वसली आहेत. औषध कारखाने बहुतेक तिथेच, आयातदारांची गोदामंही तिथेच. नॅशनल मेडिकल सप्लाइज फंड ही सरकारी संस्था देशभरच्या रुग्णालयांना औषधं पुरवते. तिचं मुख्य भांडारही तिथेच. अवाढव्य पसारा असलेल्या देशाचं औषधाचं कपाट एका शहरात ठेवलेलं होतं.

त्या कपाटावर पहिला घाव बाहेरून पडला होता. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-ए-सलाममधल्या अमेरिकी दूतावासांवर बॉम्बहल्ले झाले. त्याचं उत्तर म्हणून २० ऑगस्टला अमेरिकेनं क्रूझ क्षेपणास्त्रं सोडली आणि त्यांतल्या काहींनी बहरीतला अल-शिफा हा औषध कारखाना जमीनदोस्त केला. कारखाना सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मलेरियावरची औषधं, प्रतिजैविकं आणि जनावरांची औषधं तिथे तयार होत, आणि देशाच्या गरजेचा मोठा वाटा तो उचलत होता. तिथे व्हीएक्स या विषारी वायूसाठी लागणारं रसायन बनतं, असा अमेरिकेचा दावा होता. तो पटण्याजोग्या पुराव्यानिशी कधीच सिद्ध झाला नाही. त्या रात्री एक माणूस मेला. कारखाना गेल्यामुळे पुढच्या पावसाळ्यांत मलेरियानं किती गेले, ते कुठल्याच यादीत नाही. औषधाअभावी होणाऱ्या मरणाचं असंच असतं. त्या मरणाला स्फोटाचा आवाज नसतो, आणि दाखल्यावर कारण म्हणून ‘ताप’ लिहिलेलं असतं.

त्याच्या जोडीला निर्बंधांची वर्षं होती. १९९७ मध्ये लागलेले अमेरिकी व्यापारी निर्बंध २०१७ मध्ये उठले. कागदावर औषधांना त्यांतून सूट होती. पण पैसे पाठवायला बँकाच तयार नसतील तर त्या सुटीचा उपयोग काय? त्यामुळे सुदानी फार्मासिस्टला टंचाई नवी नव्हती. ‘कंटेंट तोच आहे, कंपनी वेगळी’ हे आपल्या काउंटरवर रोज बोललं जाणारं वाक्य, आणि त्यामागची कसरत, ती मंडळी आपल्यापेक्षा फार आधी शिकली.

१५ एप्रिल २०२३. रमजानचे शेवटचे दिवस, शनिवार सकाळ. जनरल बुरहान यांचं लष्कर आणि ‘हेमेती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद हमदान दगालो यांचं निमलष्करी रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ, यांच्यात थेट राजधानीतच लढाई जुंपली. सरहद्दीवरचं युद्ध असतं तर राजधानीतून तिकडे औषध पाठवता आलं असतं. इथे पहिल्याच आठवड्यात राजधानीतली गोदामंच लढाईच्या मधोमध सापडली. राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा लढवय्यांच्या ताब्यात गेली. तिच्यात पोलिओ, गोवर आणि कॉलऱ्याचे नमुने होते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला धोक्याचा इशारा द्यावा लागला. मे महिन्यात डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, म्हणजे एमएसएफ, या संस्थेच्या खार्तूममधल्या गोदामात सशस्त्र लोक घुसले. नंतर संस्थेनं जे सांगितलं त्यातला एक तपशील मला सगळ्यांत जास्त लागला. फ्रिजचे प्लग काढलेले होते आणि आतली औषधं बाहेर टाकलेली होती. शीतसाखळी तुटली होती, त्यामुळे ती औषधं आता कुणाच्याच कामाची नव्हती.

चोरून नेलेलं औषध निदान कुणाच्या तरी पोटात जातं. बाजारात उघड्यावर विकलं गेलं तरी एखाद्याला लागू पडतं. आणि युद्धाच्या त्या महिन्यांत लुटलेली औषधं बाजारात आलीच. दुकान चालवणाऱ्या फार्मासिस्टसमोर तेव्हा प्रश्न उभा राहतो की हा माल घ्यायचा का. पाकिटावर बॅच क्रमांक आहे, मुदत आहे, सगळं खरं आहे. पण मधले दिवस ते एप्रिलच्या उन्हात ट्रकमध्ये होतं की सावलीत, हे पाकीट सांगत नाही. पॅरासिटामॉल असेल तर धोका पत्करता येतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन असेल तर नाही. ते उष्णतेनं निकामी होतं आणि दिसायला पाण्यासारखं स्वच्छच राहतं. बाळंतिणीला ते टोचल्यावर रक्त थांबत नाही, तेव्हा कळतं.

इन्सुलिनचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. टाइप वन मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन मिळालं नाही तर दिवसांत जीव जातो. बाटली दोन ते आठ अंशांत ठेवायची, असं तिच्या वेष्टनावर छापलेलं असतं. खार्तूममध्ये एप्रिल ते जून पारा चाळिशीच्या वर असतो. वीज कधी तासभर येते, कधी कित्येक दिवस येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मेरोवे धरणाच्या वीजकेंद्रावर ड्रोन हल्ला झाला तेव्हा उत्तर सुदानच्या मोठ्या भागातली वीज एका फटक्यात गेली. वेष्टनावरचा नियम पाळायचा ठरवला तर फ्रिज बंद पडलेल्या दुसऱ्या दिवशी सगळा साठा फेकून द्यावा लागेल. आणि तो फेकला तर मुलं मरतील.

अशा वेळी हातात असलेलं ज्ञान हीच सगळ्यांत मोठी मदत ठरते. एमएसएफ आणि जिनिव्हा विद्यापीठानं केनियातल्या दागाहले निर्वासित छावणीतल्या तापमानाचा अभ्यास करून २०२१ मध्ये दाखवून दिलं, की २५ ते ३७ अंशांमध्ये चढउतार होत असताना चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद टिकते. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानं त्यापुढे जाऊन सांगितलं, की काही मानवी इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २५ अंशांपर्यंत सहा महिने आणि ३७ अंशांपर्यंत दोन महिने ठेवता येतात. प्रयोगशाळेतला हा आकडा युद्धात फार मोलाचा आहे. बाटली फेकायची की द्यायची, हा निर्णय त्याच्यावर उभा राहतो. मग प्रश्न उरतो सदतिसाच्या खाली राहायचं कसं. त्याचं उत्तर सुदानच्या घराघरांत आधीपासून होतं. तिथे ‘जीर’ म्हणून मातीचं मोठं, कच्च्या अंगाचं भांडं असतं, थेट आपल्या रांजणासारखं. रस्त्याकडेला झाडाखाली वाटसरूंसाठी ते भरून ठेवण्याची रीत आहे. कोरड्या हवेत भांड्याच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं आणि आतलं तापमान काही अंशांनी उतरतं. इन्सुलिन थंड ठेवण्यासाठी अशा मातीच्या भांड्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या आहेत आणि ती उपयोगी ठरली आहेत. तांबड्या समुद्राकाठच्या दमट पोर्ट सुदानमध्ये हाच उपाय लंगडा पडतो, कारण तिथे पाणी फारसं उडत नाही.

फार्मासिस्टचं काम इथे काउंटर ओलांडून घरात शिरतं. बाटली कापडात गुंडाळून जीरमध्ये कुठे ठेवायची, पाण्यात का बुडवायची नाही, साधं इन्सुलिन गढूळ दिसलं तर का टाकायचं, दुधाळ इन्सुलिन हलवल्यावर तळाशी गोळे राहिले तर ते का टाकायचं, एकदा गोठलेलं इन्सुलिन उन्हात तापलेल्यापेक्षाही वाईट का, हे सगळं आईला समजावून सांगावं लागतं. आणि ते अशा बाईला, जिचं घर कालच सुटलंय आणि जिच्याजवळ जीरही नाही.

टंचाईत औषध वाटण्याचं एक शास्त्र आहे. आपल्याकडे अभ्यासक्रमात ते कुणी नीट शिकवत नाही. दोनशे रुग्ण आणि शंभर स्ट्रिप असतील तर प्रत्येकाला निम्मं द्यायचं, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. कुठलं औषध चुकलं तर काय होतं, हे आधी मांडावं लागतं. कोलेस्टेरॉलची गोळी महिनाभर नाही मिळाली तर त्या महिन्यात काही होत नाही. थायरॉइडची गोळी शरीरात आठवडाभर मागे रेंगाळते, चार दिवस हुकले तर चालून जातं. पण फिट्सची गोळी एकदम बंद झाली तर न थांबणारी फिट येऊन माणूस जाऊ शकतो. वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणाऱ्याचं ते अचानक तुटलं तर त्याचा रक्तदाब कोसळतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाची टॅक्रोलिमसची गोळी थांबली तर शरीर नव्या मूत्रपिंडावर उलटतं. म्हणून आहे त्या साठ्यावर पहिला हक्क या लोकांचा. चांगला फार्मासिस्ट ही यादी डोक्यात ठेवून दार उघडतो.

त्यापुढे युक्त्या येतात, आणि प्रत्येक युक्तीला मर्यादा असते. रक्तदाबाची दहाची गोळी मोडून पाच-पाच देता येते. पण हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी मोडली तर दिवसाचं औषध तासाभरात अंगात उतरतं. मुलांचं सिरप संपलं तर मोठ्यांची गोळी कुटून, वजनावर हिशेब करून पुड्या बांधाव्या लागतात. आपल्या जुन्या कंपाउंडरांचं हे रोजचं काम होतं. प्रतिजैविकांचा कोर्स तोडायचा नाही, असं आपण रुग्णाला दटावून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण कोर्स किती दिवसांचा असावा, हा प्रश्न वेगळा. लहान मुलांच्या सौम्य न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन पाच दिवसांऐवजी तीन दिवस दिलं तरी तेवढाच गुण येतो, हे पाकिस्तानातल्या २००२ च्या आणि भारतातल्या २००४ च्या चाचण्यांनी दाखवलं. पाच मुलांचं औषध आठ मुलांना पुरवण्याचा हा प्रामाणिक मार्ग आहे. अंदाजपंचे निम्मं देण्यापेक्षा तो फार वेगळा आहे, आणि हा फरक माहीत असलेला एक माणूस दुकानात असणं म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं.

मदत म्हणून बाहेरून जे येतं त्याचीही एक कथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आणीबाणीचा औषधसंच दहा हजार लोकांना तीन महिने पुरेल अशा मापानं बांधलेला असतो. त्याच्या आतली मूळ खोकी हजार-हजार लोकांच्या मापाची. १९९० पासून तो जगभर जातोय आणि त्यानं अगणित जीव वाचवले. पण त्याची रचना मुख्यतः साथी, बाळंतपणं आणि किरकोळ आजार डोळ्यांसमोर ठेवून झाली. युद्धात मधुमेही, रक्तदाबाचे, दम्याचे रुग्णही असतात आणि ते थोडेथोडके नसतात, हे सिरियाच्या युद्धानं सगळ्यांना दाखवून दिलं. मग दीर्घकालीन आजारांसाठी वेगळा संच निघाला, तोही दहा हजार लोकांना तीन महिन्यांसाठी. सुदानमधल्या फार्मासिस्टला तो उघडताना हिशेब करावा लागतो तो चौथ्या महिन्याचा.

आणि चांगल्या मनानं आलेला कचरा? बोस्नियात १९९२ ते १९९६ या काळात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधं निरुपयोगी होती. काहींची मुदत उलटलेली, काहींवरचं लेबल कुणाला वाचता न येणारं, काहींची तिथे गरजच नव्हती. ती ठेवायला जागा लागली, निवडायला माणसं लागली आणि शेवटी जाळायला पैसे लागले. जी माणसं रुग्णांना औषध देऊ शकली असती ती कुणाच्या तरी कपाटातल्या उरलेल्या गोळ्या निवडत बसली. पूर आला, भूकंप झाला की आपल्या सोसायट्यांमधून औषधांची खोकी गोळा होतात, तेव्हा मला बोस्निया आठवतो. देणाऱ्यांनी आधी तिथल्या फार्मासिस्टची यादी मागावी, एवढं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

इथपर्यंतची टंचाई एक वेळ युद्धाच्या गोंधळात घालता येईल. पुढची घालता येत नाही. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खार्तूमच्या आरएसएफच्या ताब्यातल्या भागात शस्त्रक्रियेचं साहित्य न्यायला लष्कराच्या बाजूच्या प्रशासनानं मनाई केली. साहित्य दक्षिणेला वाद मदनीच्या गोदामात होतं. रुग्ण खार्तूमच्या बशैर आणि तुर्की रुग्णालयांत होते. मधे रस्ता होता, ट्रक होते, चालकही होते, आणि परवानगी नव्हती. समोरच्या बाजूचे जखमी बरे होऊ नयेत, हा त्यामागचा विचार ओळखणं अवघड नाही. पण तुर्की रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांत मोठा वाटा सिझेरियनचा होता. अडलेल्या बाईच्या पोटातलं मूल कुठल्या बाजूचं असतं? १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं तेविसावं कलम सांगतं, की नागरिकांसाठीच्या औषधांना शत्रूच्या मुलखात जायलाही वाट द्यावी लागते. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेनं रुग्णालयं आणि आरोग्य कर्मचारी यांच्या संरक्षणाचा २२८६ क्रमांकाचा ठराव केला. दोन्ही बाजूंनी हे पायदळी तुडवलं. चादमधून दारफूरला जाणारी अद्रे इथली वाट लष्करी सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केली आणि ती ऑगस्टमध्ये उघडली. मधल्या सहा महिन्यांत दारफूरमधल्या फडताळांचं काय झालं असेल, ते सांगायला नको. पण ज्यांनी वाट अडवली त्यांना ते आधीपासून माहीत होतं, हे सांगायला हवं.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाद मदनीच पडलं. खार्तूममधून निघालेल्या लाखो लोकांनी तिथे आसरा घेतला होता, संस्थांनी गोदामं हलवली होती, औषधांची घडी नव्यानं बसवली होती. आरएसएफ शहरात शिरलं आणि वर्षभरात दुसऱ्यांदा सगळं मोडलं. ज्यांनी एप्रिलमध्ये एक दुकान मागे सोडलं होतं, त्यांतल्या कित्येकांनी डिसेंबरमध्ये दुसरं सोडलं. त्यानंतर सगळा भार पोर्ट सुदानवर आला, आणि मे २०२५ मध्ये तिथेही ड्रोन येऊ लागले.

याच काळात कॉलरा आला. ओमदुर्मानच्या वीजकेंद्रांवर ड्रोन पडले, पाणी शुद्ध करणारी यंत्रं थांबली, लोक नदीचं पाणी प्यायला लागले आणि मे २०२५ मध्ये साथ भडकली. ऑगस्ट २०२४ पासूनच्या एका वर्षात देशभरात संशयित रुग्ण लाखाच्या घरात गेले, मृत्यू २,४०० च्या पुढे. सलाईनच्या बाटल्या अशा वेळी कधीच पुरत नाहीत. यावरचं उत्तर आपल्याच देशात, शेजारच्या एका युद्धाच्या काळात सापडलं होतं. १९७१ च्या जूनमध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांच्याकडचा सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्या भरल्या. लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. कोलकात्यात ग्रंथालयाच्या खोलीत हे मिश्रण तयार व्हायचं आणि पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीनं बंद व्हायची. नातेवाइकांनीच रुग्णाला पेल्यानं ते पाजायचं. मृत्यूचं प्रमाण शेकडा तिसावरून चारच्या खाली आलं. महालनबिस डॉक्टर होते, पण त्या खोलीत चाललं होतं ते शुद्ध फार्मसीचं काम: वजन करणं, मिसळणं, बांधणं, लेबल लावणं. दारफूरच्या तविला गावात ऑगस्ट २०२५ मध्ये लाखो विस्थापित कॉलऱ्याच्या तोंडी सापडले, तेव्हा कामाला आलं ते हेच मीठ-साखरेचं पाणी. फक्त ते कालवायला स्वच्छ पाणी नव्हतं.

त्या तविलात आलेले बहुतेक लोक अल फाशर आणि त्याच्या शेजारच्या झमझम छावणीतून पळालेले होते. अल फाशरचा वेढा मे २०२४ पासूनचा. जूनमध्ये आरएसएफनं तिथलं दक्षिण रुग्णालय गोळीबार करत ताब्यात घेतलं, औषधं आणि उपकरणं लुटली, रुग्णवाहिका नेली. रुग्णालय बंद पडलं. सुरक्षा परिषदेनं त्याच महिन्यात वेढा उठवा म्हणून ठराव केला आणि वेढा उठला नाही. ऑगस्टमध्ये झमझममध्ये दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या वर्षी शहराभोवती मातीचा बांध घातला गेला, तो उपग्रहाच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होता. आतल्या सौदी रुग्णालयावर हल्ल्यामागून हल्ले होत राहिले. गॉज संपलं तेव्हा मच्छरदाण्या कापून जखमांवर बांधल्या गेल्या.

मच्छरदाणीचं गॉज करायचं म्हणजे नुसतं कापायचं नसतं. ती धुवायची, उकळायची, वाळवायची, घड्या घालायच्या, कुठल्या जखमेला किती थर ते ठरवायचं. कीटकनाशकात बुडवलेली जाळी उघड्या मांसावर ठेवायची नसते. हे सगळं कुणीतरी विचार करून केलं असणार. रुग्णालयात असा विचार करणं हे ज्याच्याकडे असतं, तो माणूस २८ ऑक्टोबरबद्दलच्या निवेदनात एका शब्दात आला.

सुदानची सगळीच औषधवाट तुटली, असं मात्र नाही. मोहल्ल्यामोहल्ल्यांत तरुणांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ उभ्या केल्या. २०१८-१९ च्या क्रांतीत ज्या प्रतिकार समित्या पुढे आल्या होत्या, त्यांतूनच त्या निघाल्या. सामुदायिक स्वयंपाकघरं चालवायची, जखमींना हलवायचं, आणि कुठल्या गल्लीत कुठलं औषध आहे ते एकमेकांना कळवायचं. २०२५ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातलं बहुतेक फोनजाळं बंद पडलं, तेव्हा औषधाचा निरोपही थांबला आणि पैसेही, कारण रोख संपल्यावर लोकांचे व्यवहार ‘बनकक’ या मोबाइल बँकिंग अॅपवर चालले होते. त्या दिवसांत उधारीची वही हाच आधार. वहीत लिहून औषध देणारे दुकानदार आपल्याकडेही आहेत. पण गिऱ्हाईक उद्या या शहरात असेल का, हे माहीत नसताना लिहून देणं ही फार मोठी गोष्ट आहे.

सुदान आपल्याला वाटतो तितका दूर नाही. पुण्यात सुदानी विद्यार्थी कित्येक दशकांपासून शिकायला येतात. लढाई पेटली तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’तून साडेतीन हजारांहून अधिक भारतीय पोर्ट सुदान, जेद्दामार्गे परत आले. त्यांतले काही तिथे वर्षानुवर्षं व्यवसाय करत होते. ते आले आणि बातमी संपली. पण औषधाचा धागा संपलेला नाही, आणि तो आपल्याच देशातून जातो.

इथिओपियाच्या सरहद्दीला लागून गेदारेफ प्रांत आहे. काळी भेगाळणारी जमीन, बाभळी, आणि त्यांच्या सावलीत वाढणारी वाळूमाशी. तिच्या चाव्यानं काळाआजार होतो. आपल्या बिहारला तो चांगला ठाऊक आहे. वेळेत औषध मिळालं नाही तर रुग्ण वाचत नाही. राजधानीतून आणि मध्य सुदानमधून उठलेले लोक याच मुलखात येऊन उघड्यावर झोपले, ज्यांच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नव्हती. पूर्व आफ्रिकेसाठी २०१० पासून शिफारस झालेला उपचार आहे तो सोडियम स्टिबोग्लुकोनेट आणि पॅरोमोमायसिन यांचा. सतरा दिवस, रोज दोन्ही इंजेक्शनं. यातलं पॅरोमोमायसिन हैदराबादच्या ग्लँड फार्माच्या कारखान्यात तयार होतं. ते समुद्र ओलांडून पोर्ट सुदानला उतरतं, तिथून ट्रकनं दक्षिणेला जातं, वाटेत नाकी लागतात, पावसाळ्यात रस्ते चिखलात जातात.

एका रुग्णाला सतरा दिवसांची मिळून चौतीस इंजेक्शनं. नवव्या दिवशी पुरवठा तुटला तर रोग उलटू शकतो आणि मग तेच औषध पुन्हा तितकंसं लागू पडत नाही. म्हणून फडताळात शंभर इंजेक्शनं असतील तर त्यात दोनच रुग्ण पूर्ण बरे होतात. तिसऱ्याचा कोर्स दोन इंजेक्शनांनी अपुरा राहतो. ट्रक कधी येईल ते कळलेलं नसताना तिसऱ्याला आज दाखल करून पहिलं इंजेक्शन द्यायचं का? गेदारेफमधल्या औषधखोलीत हा प्रश्न रुग्ण दारात उभा असतानाच सोडवावा लागतो, आणि तो सोडवणाऱ्याकडे ट्रकच्या चालकाचा फोन नंबर असणं हे त्याच्या पदवीइतकंच कामाचं असतं.